टॅपेटच्या आवाजाची चौकशी

मोटारसायकलच्या इंजिनाविषयी गॅरेजात दाखल होणाऱ्या तक्रारींत ‘टॅपेट वाजतात’ ही तक्रार सर्वांत जुनी आणि सर्वांत सामान्य असली, तरी पुरती चौकशी न करता निकालात काढली जाणारी तक्रारही, माझ्या मते, हीच होय. मालक गाडी मेन स्टँडवर उभी करतो आणि इंजिनाच्या माथ्याकडे बोट दाखवतो. फिटर दोन वेळा अ‍ॅक्सिलेटर पिळून पाहतो, क्षणभर कान देतो, आणि मग आपापल्या स्वभावानुसार एकतर ‘बुलेट आहे, वाजणारच’ असे म्हणून फिर्याद खारीज करतो, नाहीतर नवे टॅपेट मागवण्याचा हुकूम सोडतो. या दोन्ही निकालांत पुराव्याचा भाग अल्प आणि वहिवाटीचा भाग फार असतो. वास्तविक हा आवाज कोठून येतो, कोणत्या वेळी येतो, इंजिन तापल्यावर वाढतो की विरतो, एका बाजूचा आहे की दोन्ही बाजूंचा, एवढ्या चार गोष्टींची नोंद केली तरी निम्मा तपास पाना हाती घेण्यापूर्वीच पुरा होतो.

आवाज होतोच का, हे पाहावयाचे तर फटीपासून आरंभ करणे भाग आहे. चार-स्ट्रोक इंजिनात कॅम हा क्रँकच्या निम्म्या गतीने फिरतो, म्हणजे क्रँकचे मिनिटाला ३००० फेरे होत असता प्रत्येक व्हॉल्व्ह १५०० वेळा उघडतो आणि तितक्याच वेळा मिटतो. कॅमचा उंचवटा टॅपेटला उचलतो, टॅपेट पुशरॉडला, पुशरॉड रॉकरला आणि रॉकर व्हॉल्व्हला. या साखळीत कोठेतरी केसाएवढी मोकळीक ठेवावी लागते, कारण तापल्यावर प्रत्येक धातू आपापल्या प्रमाणात वाढतो, आणि मोकळीक नसेल तर मिटावयाचा व्हॉल्व्ह आपल्या बैठकीवर पुरता टेकत नाही. ती मोकळीक भरून निघताना धातूवर धातू जो आपटतो, तोच हा आवाज. तो इंजिनाच्या गतीच्या निम्म्या लयीत येतो, ही खूण ध्यानात ठेवण्यासारखी आहे. सरावलेला कान तिच्या आधारे वरची टिकटिक आणि खालच्या बिगेंडची ठकठक यांतील भेद अंधारातही सांगू शकतो.

महाराष्ट्रात हा कान सार्वत्रिक झाला तो तुलनेने अलीकडे. येझदी, राजदूत आणि आकुर्डीच्या कारखान्यातून निघणारी चेतक स्कूटर ही सारी वाहने दोन-स्ट्रोक होती, त्यांना व्हॉल्व्हच नव्हते, आणि म्हणून टॅपेट हा शब्द पोलीस खाते, सैन्य आणि कोल्हापूर-सांगलीकडील हौशी बुलेटमालक यांच्यापुरताच बोलण्यात येत असे. १९८५ साली हीरो होंडाची सीडी १०० आली आणि चार-स्ट्रोक इंजिन शेतकऱ्याच्या, शिक्षकाच्या, दूधवाल्याच्या दारात जाऊन उभे राहिले. तेव्हापासून ‘टॅपेट सेट करून द्या’ ही मागणी तालुक्याच्या प्रत्येक गॅरेजात ऐकू येऊ लागली. तथापि या विषयाचा समग्र विचार करावयास बुलेटसारखे दुसरे उदाहरण नाही, कारण टॅपेटचे प्रमुख दोन्ही प्रकार तिच्या एकाच घराण्यात नांदून गेले आहेत.

इंग्लंडातील रेडिच येथल्या रॉयल एनफिल्ड कंपनीने बुलेट हे नाव १९३२ च्या सुमारास प्रथम वापरले. आपल्या सैन्याला सरहद्दीवरील गस्तीसाठी ही गाडी पसंत पडली, १९५५ मध्ये मद्रासेत एनफिल्ड इंडियाची स्थापना झाली, पुढे मूळचा इंग्रज कारखाना बंद पडला आणि मद्रासेतील तिरुवोट्टियूरचा मात्र चालत राहिला. त्या कारखान्यातून अर्धशतकाहून अधिक काळ जे इंजिन निघाले, त्याला आपल्याकडे ‘कास्ट आयर्न’ म्हणतात. त्यातील टॅपेट घन पोलादाचे, आणि मोकळीक जुळवण्याची सोय पुशरॉडच्या खालच्या टोकाशी. या इंजिनाचे वैशिष्ट्य असे की, त्यात फिलर गेज लागत नाही. इंजिन पूर्ण थंड असावे, रात्रभर उभे असल्यास उत्तम; पिस्टन कॉम्प्रेशनच्या माथ्यावर आणून दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले आहेत याची खात्री करावी; उजव्या बाजूचे लहान झाकण काढावे आणि पुशरॉड अंगठा व तर्जनी यांच्या चिमटीत धरून फिरवून पाहावा. तो बोटांनी सहज फिरला पाहिजे, मात्र वर-खाली मुळीच हलता कामा नये. खाली-वर हलला तर सैल, फिरवताना अडला तर घट्ट. चेकनट आवळताना जुळवलेले माप हटकून थोडे सरकते, म्हणून नट आवळल्यावर पुशरॉड पुन्हा एकदा फिरवून पाहणे हा या कामाचा गाभा होय. घाईचा फिटर नेमका येथेच चुकतो, आणि ‘परवाच तर सेटिंग केले’ ही पुढील तक्रार येथेच जन्माला येते.

थंड असताना शून्य मोकळीक ठेवूनही हे इंजिन का चालते, असा प्रश्न चौकस वाचकाच्या मनात येईल. त्याचे कारण असे की, जळत्या वायूला लागून असलेला सिलिंडर पुशरॉडपेक्षा कितीतरी अधिक तापतो आणि उंच होतो. त्यामुळे हेड आणि त्यावरील रॉकर वर उचलले जातात, आणि मोकळीक तापल्यावर कमी होण्याऐवजी किंचित वाढते. पुशरॉड अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचे केलेले असतात ते याचसाठी, की कमी तापूनही त्यांनी सिलिंडरच्या वाढीची शक्य तितकी बरोबरी करावी. बरोबरी पूर्ण होत नाही. गरम कास्ट आयर्नमधून येणारी मंद, सारखी टिकटिक ही त्या उरलेल्या फरकाची असते आणि तिच्यात दोषास्पद असे काही नाही.

येथे एक मत स्पष्टपणे नोंदवणे मला आवश्यक वाटते. घन टॅपेटच्या इंजिनात आवाजापेक्षा शांततेची धास्ती अधिक बाळगावी. एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह आपली उष्णता मुख्यतः बैठकीवर टेकलेला असतानाच हेडकडे देऊ शकतो. मोकळीक नाहीशी होऊन तो पुरता टेकेनासा झाला, की ज्वाळा त्याच्या कडेने निसटू लागते, कड जळते, कॉम्प्रेशन जाते, आणि हे सर्व घडत असता गाडी पूर्वीपेक्षा गोड वाजत असते. कॅम, रॉकर यांची झीज मोकळीक वाढवते आणि म्हणून आवाज वाढवते. व्हॉल्व्हच्या बैठकीची झीज मात्र व्हॉल्व्हला वर सरकवते आणि मोकळीक खाऊन टाकते. पहिली झीज बोलते, दुसरी बोलत नाही. चाकणच्या कारखान्यात बनणाऱ्या ३९० ड्यूकसारख्या इंजिनांत मोकळीक शिम नावाच्या मोजक्या जाडीच्या चकत्यांनी ठरवलेली असते. तेथेही कालांतराने ती बहुधा घटतच जाते आणि तपासणीची मुदत टळून गेल्याचा सुगावा मालकाच्या कानाला लागत नाही. लहान गाड्यांत मोकळीक मिलिमीटरच्या विसाव्या ते दहाव्या भागाच्या आसपास असते. ‘आवाज बंद करून द्या’ असा आग्रह धरणारा मालक आणि तो आग्रह निमूटपणे पुरवणारा फिटर हे दोघे मिळून एवढीशी ती जागा बुजवतात आणि पुढे व्हॉल्व्ह बदलण्याचा खर्च ओढवून घेतात.

या सततच्या जुळवाजुळवीतून मुक्ती मिळावी म्हणून जी तजवीज निघाली, ती हायड्रॉलिक टॅपेट. मोटारींत कॅडिलॅक कंपनीने १९३० च्या आपल्या सोळा सिलिंडरच्या इंजिनात तिचा अवलंब केला. मोटारसायकलींत हार्ले-डेव्हिडसनने १९४८ च्या पॅनहेड इंजिनात ती आणली, आणि गंमत अशी की, प्रथम हे यंत्र पुशरॉडच्या वरच्या टोकाशी बसवले होते. तेथवर ऑइल भरवशाने पोचेना, तेव्हा १९५३ पासून ते खाली, कॅमच्या शेजारी आणण्यात आले. होंडाने १९८३ च्या नाइटहॉक ६५० मध्ये ते वापरले. आपल्याकडे रॉयल एनफिल्डने २००८ साली थंडरबर्ड ट्विनस्पार्कच्या नव्या इंजिनात, ज्याला लोक यूसीई म्हणून ओळखतात, हायड्रॉलिक टॅपेट दिले, पुढे ते क्लासिकमध्ये आले आणि बुलेटमध्येही आले. बुलेटमधला हा अध्याय २०२३ मध्ये ओव्हरहेड कॅमच्या इंजिनाने संपवला. दरम्यानच्या काळातील गाड्या मात्र मोठ्या संख्येने रस्त्यावर आहेत, आणि टॅपेटविषयीचा आजचा गोंधळ बहुतांशी त्यांच्याभोवतीच आहे. कारण ज्या हातांनी कास्ट आयर्नचे पुशरॉड जुळवले, ते हात येथेही जुळवण्याचा स्क्रू शोधू लागले आणि तो न सापडल्यामुळे सुटा भाग बदलण्याकडे वळले.

हायड्रॉलिक टॅपेटची रचना पाहिली तर त्यात गूढ असे काही नाही. बाहेर एक पोलादी नळकांडे, आत त्यात जेमतेम सरकणारा प्लंजर, प्लंजरखाली एक स्प्रिंग, आणि ऑइल आत जाऊ देणारी पण परतू न देणारी, हातपंपाच्या तळाच्या झडपेसारखी एक बारीक गोळी. व्हॉल्व्ह मिटलेला असताना स्प्रिंग प्लंजरला वर ढकलून सर्व मोकळीक भरून काढते आणि रिकाम्या झालेल्या जागेत इंजिनाच्या दाबाने ऑइल शिरते. कॅमचा उंचवटा आला की गोळी भोक बंद करते, आणि ऑइल दाबले जात नसल्यामुळे ते सबंध यंत्र पोलादाच्या ठोकळ्यासारखे वागते. धातू वाढो वा झिजो, माप प्रत्येक फेऱ्यात नव्याने जुळते. म्हणजेच पूर्वी फिटरच्या बोटांकडे जी जबाबदारी होती, ती येथे ऑइलकडे सोपवलेली आहे. आणि म्हणूनच हायड्रॉलिक टॅपेट वाजू लागला तर प्रथम जबाब घ्यावयाचा तो ऑइलचा, टॅपेटचा नव्हे.

जबाब घेण्याची रीत साधी आहे. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी सुरू करताच काही सेकंद, थंडीत कदाचित मिनिटभर, टॅपेट वाजले आणि मग निवांत झाले, तर ते उघड्या व्हॉल्व्हच्या स्प्रिंगखाली दाबल्या गेलेल्या टॅपेटमधले ऑइल रात्रीतून पाझरून गेल्याचे लक्षण असून त्यावर उपाय करण्याचे कारण नाही. आवाज थंडपणी मुळीच नाही, पण दहा-पंधरा किलोमीटरनंतर सुरू होतो आणि इंजिन जसे तापेल तसा वाढतो, अशी स्थिती असेल तर तापून पातळ झालेले ऑइल दाब धरीत नाही असे समजावे. मग ते ऑइल जुने असेल, चुकीच्या ग्रेडचे असेल, किंवा पंप झिजला असेल. दोन्ही टॅपेट वाजत असतील तर दोष बहुधा दोघांना सामाईक असलेल्या वस्तूत, म्हणजे ऑइल, फिल्टर, पंप किंवा मुख्य मार्गिकेत असतो. एकच वाजत असेल तर त्या एका टॅपेटवर, त्याच्या पुशरॉडवर किंवा त्याच्या कॅमवर संशय घेण्यास जागा आहे. या एका निकषाने जितके नवे टॅपेट वाचतील तितके दुसऱ्या कशाने वाचणार नाहीत, असे माझे मत आहे.

तत्पूर्वी तोतयांची ओळख पटवणे अवश्य आहे, कारण टॅपेटचे सोंग घेणारे आवाज पुष्कळ. त्यांत पहिला मान सायलेन्सरच्या बेंडपाइपाचा. हेडला जोडणारे त्याचे गॅस्केट फुटले, की तेथून निसटणारा वायू हुबेहूब टॅपेटसारखी, त्याच निम्म्या लयीत टिकटिक करतो. त्या सांध्याभोवती काजळीचा काळा फराटा दिसतो का ते पाहावे, किंवा इंजिन थंड असतानाच सांध्यावर साबणाचे पाणी सोडून गाडी सुरू करावी आणि बुडबुडे येतात का ते पाहावे. ढिला झालेला पिस्टन थंडपणी खटखटतो आणि तापल्यावर शांत होतो. ओव्हरहेड कॅमच्या गाड्यांत कॅमची चेन आणि तिचा टेन्शनर किणकिणतो. चढावर अ‍ॅक्सिलेटर पिळताच येणारी किटकिट ही बहुधा अवेळी स्फोटाची, पेट्रोलची वा टायमिंगची असते आणि तिचा टॅपेटशी संबंध नसतो. यूसीई इंजिनात किक आणि सेल्फ यांचे काम हलके व्हावे म्हणून एक्झॉस्टच्या कॅमवर बसवलेला आपोआप चालणारा डीकॉम्प्रेसर असतो. तो मंद गतीवर वाजू लागला तर त्याचा आळ हमखास टॅपेटवर येतो. लांब स्क्रूड्रायव्हरचे टोक इंजिनाला आणि मूठ कानामागच्या हाडाला लावून ऐकण्याची जुनी पद्धत आजही उपयोगी आहे, अट एवढीच की आवाज जेथे सर्वांत मोठा ऐकू येतो तेथेच न थांबता शेजारच्या चार जागाही ऐकाव्यात, कारण अ‍ॅल्युमिनियमचे अंग आवाज फार दूर वाहून नेते.

आता उपायांचा क्रम. प्रथम ऑइलची पातळी, गाडी सरळ उभी करून, इंजिन थोडे चालवून बंद केल्यानंतर काही मिनिटांनी. पातळी कमी असेल तर पंप हवा ओढतो, हे सर्वांना ठाऊक असते; जास्त असेल तर फिरता क्रँक ऑइल घुसळून त्यात फेस करतो आणि तो फेसही टॅपेटात हवाच नेतो, हे फारसे कोणाला ठाऊक नसते. हवा दाबली जाते, ऑइल दाबले जात नाही. टॅपेटात हवा शिरली की ठोकळ्याचा पुन्हा स्प्रिंगच होतो. पातळी बरोबर असूनही आवाज असेल तर ऑइल आणि फिल्टर दोन्ही बदलावेत, तेही कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचे. यूसीईसाठी तो १५डब्ल्यू५० आहे. मोटारीसाठी विकले जाणारे ऑइल स्वस्तात मिळते म्हणून यात घालू नये. क्लच त्याच ऑइलात बुडालेला असल्यामुळे घर्षण कमी करणारी मोटारीच्या ऑइलातली द्रव्ये क्लच घसरवतात, म्हणून डब्यावर जासो एमए हा शिक्का पाहून घ्यावा. नवे ऑइल घातल्यावर लगेच निकाल देण्याची घाई करू नये. इंजिन पुरते तापेतो गाडी मध्यम गतीने फिरवून आणावी, म्हणजे अडकलेली हवा निघून जाण्यास अवकाश मिळतो.

जुन्या गाड्यांच्या व्यापारात फार घट्ट ऑइल घालून टॅपेटचा आवाज तात्पुरता दाबून टाकण्याची युक्ती प्रसिद्धच आहे. विकत घेणाऱ्याने अशी गाडी थंड असताना नव्हे, तर अर्धा तास चालवून ऐकावी. बाटलीतून मिळणाऱ्या शक्तिवर्धक द्रव्यांविषयी माझे मत प्रतिकूल आहे. वर्षानुवर्षे साचलेला गाळ एकदम सुटून बारीक मार्गिकांत अडकला तर एका टॅपेटचा दोष साऱ्या इंजिनाचा होऊन बसतो.

इतके करूनही आवाज राहिला तरच वरचे झाकण उघडावे. इंजिन चालून थांबल्यावर, संबंधित कॅमची गोल बाजू टॅपेटखाली असेल अशा स्थितीत, रॉकरचे पुशरॉडकडचे टोक अंगठ्याने जोराने दाबावे. निरोगी टॅपेट दगडासारखा कठीण लागतो किंवा अत्यंत सावकाश खचतो. स्पंजासारखा लगेच दबणाऱ्या टॅपेटात ऑइल नाही किंवा गोळी बसत नाही. दुसऱ्याशी ताडून पाहिल्यावाचून हा निर्णय करू नये. काढलेले टॅपेट आणि पुशरॉड ज्या जागेचे त्या जागीच परत गेले पाहिजेत, म्हणून त्यांवर खूण करावी. मग टॅपेट रॉकेलात स्वच्छ धुऊन वाटीभर ताज्या ऑइलात उभा बुडवावा आणि बारीक तारेने किंवा पुशरॉडच्या टोकाने प्लंजर हळूहळू खालीवर करावा. आरंभी मोठे बुडबुडे येतात, मग टाचणीच्या डोक्याएवढे, मग येईनासे होतात आणि प्लंजर हाताला टणक लागू लागतो. ज्यातून बुडबुडे थांबूनही टणकपणा येत नाही तो टॅपेट खरोखरच गेलेला. बाकीचे, माझा अनुभव असा की बहुसंख्य, गाळाच्या एखाद्या कणाने अडलेले असतात आणि धुतल्यावर पुन्हा कामास लागतात.

ऑइलाने भरलेला टॅपेट बसवल्यावर इंजिन ताबडतोब फिरवणे हा मात्र गंभीर प्रमाद आहे. तो पूर्ण लांबीचा झालेला असतो आणि व्हॉल्व्हला उघडाच धरून ठेवतो. तशात किक मारली तर पुशरॉड वाकतो किंवा व्हॉल्व्ह पिस्टनला भिडतो. पुशरॉड बोटांनी मोकळा फिरू लागेपर्यंत थांबावे, मग अर्धा तास लागला तरी लागू द्यावा. हार्लेवर काम करणाऱ्यांना ही शिस्त चांगली ठाऊक असते, कारण तेथे टॅपेट बाहेरच्या बाजूस, नळीच्या आवरणाखाली असल्याने त्यांच्याशी वरचेवर गाठ पडते. वरची रॉकरची पेटी न उघडता काम उरकावे म्हणून जुने पुशरॉड सरळ कापून काढून त्या जागी लांबी जुळवता येणारे नवे घालण्याचीही त्यांच्यात पद्धत आहे. यूसीईत टॅपेटपर्यंत पोचावयाचे तर इंजिन बऱ्याच अंशी उघडावे लागते, आणि नेमक्या याच कारणासाठी ते काम सर्वांत शेवटी करावयाचे.

हायड्रॉलिक काढून घन टॅपेट घालणे, हा उपाय सुचवणारेही आहेत. अतिवेगाच्या शर्यतींसाठी तयार केलेल्या इंजिनात त्याला अर्थ आहे, कारण फार वरच्या गतीवर ऑइलाने फुगलेला टॅपेट व्हॉल्व्हला मिटू देत नाही. पुणे-सातारा रस्त्याने ऑफिसला जाणाऱ्या गाडीसाठी मात्र तो उपाय म्हणजे निरर्थक खर्च होय. जो खर्च निश्चित सार्थकी लागतो तो रोलरच्या तपासणीचा. टॅपेटच्या तळाशी कॅमवर फिरणारा रोलर बारीक सुयांच्या बेअरिंगवर बसलेला असतो. त्या सुया सुटल्या तर कॅम खरवडतात, ऑइलबरोबर फिरतात आणि पंपालाही सोडत नाहीत. तेव्हा वाचकांना एवढीच विनंती की, टॅपेट बदलण्याचे बिल चुकते करण्यापूर्वी काढलेले जुने टॅपेट मागून घ्यावेत, प्रत्येकाचा रोलर नखाने फिरवून पाहावा, आणि तो खरखरत वा डुगडुगत असेल तर कॅमचा पृष्ठभाग स्वतः पाहिल्याशिवाय इंजिन पुन्हा जोडू देऊ नये.